दयाबाईचा अंगठा

कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात सगळं गाव तोंडाला फडकं बांधून गप बसलं होतं, पण बापूसाहेबांच्या घरातले मोबाईल बोलत होते. एप्रिलमधल्या एका सकाळी त्यांच्या ओट्यावर चारदा टिंगटिंग झालं. भाऊ चार, सातबारे चार, खाती चार, आणि प्रत्येक खात्यावर सरकारचे दोन-दोन हजार. बापूसाहेब लगोलग बांधावर आले, तोंडावरचा टॉवेल हनुवटीखाली ओढला आणि शेजारच्या रानात हाक घातली, "विल्यमराव, पैसं पडलं का?"

विल्यम झेंडूची झाडं उपटत होता. लग्नसराई धरून लावलेला झेंडू, आणि त्या साली लग्नसराईच बंद. फुलं झाडावर करपून गेली होती. कमरेवर हात ठेवून तो सरळ झाला आणि म्हणाला, "न्हाई अजून."

हे 'अजून' त्यानं कशाला जोडलं, देव जाणे. पैसे पडणार नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. का पडणार नाहीत, हेही ठाऊक होतं. आणि ते ठाऊक असलेला तो एकटाच माणूस आता जिवंत होता.

पण बांधावरची हाक दोघांनी ऐकली होती. विहिरीपाशी भांडी घासत बसलेली त्याची बायको दयाबाई राखेच्या हातानंच उठून आली.

"आवं, आपलं का न्हाई पडलं?"

"रान आपल्या नावावर हाय का?"

"नावावर नसंल. पण पंचेचाळीस वर्सं मी हितं खुरपतीय. मग मी कोण?"

विल्यमनं पुढचं झाड उपटलं.

शिरूरच्या बाहेर, घोड नदीच्या अंगाला ही तीन एकर काळी जमीन आहे. लोक तिला अजून मिशनची जमीन म्हणतात. गोरे साहेब होते तेव्हा बोर्डिंगातल्या पोरांना भाजीपाला मिळावा म्हणून त्यांनी ती घेतली होती. विल्यमचा बाप याकोब साळवे तिथला सालगडी. पुढं साहेब बोटीत बसून गेले, बोर्डिंग बंद पडलं, जमीन एका ट्रस्टकडे गेली. ट्रस्टचं ऑफिस लांब शहरात. याकोब मात्र होता तिथंच राहिला. पिकाचा तिसरा हिस्सा ट्रस्टला द्यायचा आणि उरलेल्यात घर चालवायचं, असं ठरलं. तो गेल्यावर नांगराची मूठ विल्यमच्या हातात आली. काही वर्षांनी ट्रस्टचा माणूस हिस्सा न्यायलाही येईनासा झाला, तर हा शहाणा आपण होऊन मनीऑर्डर करायला लागला. पोस्टातला कारकून म्हणायचा, "मामा, न मागता पैसं धाडणारं गिऱ्हाईक तुम्ही एकलंच." विल्यमला ते ऐकायला गोड वाटायचं.

चांगला म्हणवून घ्यायची त्याला हौस होती, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. तंबाखू नाही, बिडी नाही, दारूच्या वासालाही उभा राहिला नाही. व्यसन म्हणावं तर हे एकच, आणि त्यानंच घात केला.

दयाबाईची तऱ्हा वेगळी. ती नगरकडच्या मिशन शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. अक्षर असं वळणदार की लग्नाच्या रजिस्टरवर सही करताना तिनं आपलं नाव शेवटच्या मात्रेपर्यंत सावकाश लिहिलं, आणि मागं उभी असलेली विल्यमची मावशी पुटपुटली, "पोरगी लगीन करतीया का अर्ज लिवतीया?" पुढं नव्वदनंतर साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा वस्तीवरचा वर्ग दयाबाईनंच चालवला. बापूसाहेबांची आई ताईबाई साठीच्या पुढं तिच्याकडे सही शिकल्या. बाया कंटाळून "अंगठा काय वाईट हाय गं?" म्हणायला लागल्या की दयाबाईचं एक वाक्य ठरलेलं असायचं. "अंगठा मेलेल्या माणसाचा घेत्यात. जित्या माणसानं सही करावी." सोसायटीत पहिल्यांदा गेल्यावर ताईबाईंनी शाईची डबी बोटानं मागं सारली होती आणि कारकुनाला पेन मागितलं होतं. ते बघायला दयाबाई मुद्दाम बरोबर गेली होती. त्या दिवशी ती घरी येताना जिलेबी घेऊन आली.

विल्यमनंही ती जिलेबी खाल्ली. त्याच्या घशाखाली ती कशी उतरली, ते त्याचं त्याला माहीत. कारण तोवर ती गोष्ट घडून गेलेली होती.

अठ्ठ्याऐंशी साल. हौशीराम नावाचा तलाठी पीक पाहणीला रानात आला होता. जुन्या वळणाचा माणूस, सायकलीच्या कॅरियरला दप्तर बांधून फिरणारा. चिंचेखाली पाणी पिता पिता म्हणाला, "विल्यमराव, साहेब लोक गेलं, ट्रस्टवालं फिरकत न्हाईत. तुमचा बाप ह्या मातीत झिजला. कूळ म्हणून नाव लावून घ्या. अर्ज द्या, बाकी मी बघतो. मला चहाबी नको तुमचा."

विल्यमला काही सुचलं नाही, पण दयाबाईला सुचलं. तिला तेव्हा आठवा महिना होता. दुसऱ्याच दिवशी तिनं फुलस्केप कागद आणला, चुलीपुढं पाटावर ठेवून अर्ज लिहिला, विल्यमची सही घेतली आणि शेजारी स्वतःची केली. दयाबाई विल्यम साळवे. अर्ज घेऊन ती स्वतः चावडीवर गेली. हौशीराम वाचून म्हणाला, "ताई, आमच्या हापिसात असं अक्षर कुणाचं न्हाई." ती त्याच आठवड्यात बाळंतपणाला माहेरी गेली ती हे वाक्य बरोबर घेऊन.

ती गेली आणि हंगामाचा सण आला. शिरूरच्या ख्रिस्ती मंडळीत हा सण अजून होतो. सुगी झाली की प्रत्येकानं आपल्या पहिल्या पिकातलं काहीतरी चर्चमध्ये आणायचं. कुणी बाजरी, कुणी भोपळा, कुणी कोंबडा. उपासना झाली की त्याचा तिथंच लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. मोठी मजा असते. दहा रुपयांच्या भोपळ्यावरून दोन व्याही हट्टाला पेटतात आणि भोपळा शंभराला जातो.

विल्यमनं त्या वर्षी बाजरीचं अख्खं पोतं आणलं होतं. पाखडलेली, निवडलेली, हिरवीगार टपोरी बाजरी. पोतं पुढं आलं, बोली सुरू झाली, आणि मंडळीचे पंच रुबेन मास्तर दाणे तळहातावर घेऊन म्हणाले, "बाजरी झकास. पण मिशनच्या रानातली बाजरी मिशनच्याच चर्चमध्ये आणायची, ह्यात विल्यमनं दिलं काय?"

सगळे हसले. विल्यमही हसला. मास्तरांनी पोतं चढ्या बोलीनं स्वतःच घेतलं आणि चहा पिईस्तोवर आपण काय बोललो ते विसरूनही गेले. लोक अशी एखादी गंमत करतात, त्यात मनावर घेण्यासारखं काही नसतं. पण ज्याला चांगलं म्हणवून घ्यायची हौस, त्याच्या काळजात हे कुसळ शिरलं. तो तीन आठवडे नीट जेवला नाही. आपलं असं आपण देवाला काय दिलं? कापणी मिशनच्या रानाची, घर मिशनच्या कंपाउंडात, नावसुद्धा साहेबानं ठेवलेलं. आपलं म्हणावं असं एकच होतं. चावडीत पडलेला तो अर्ज.

मग तेच द्यावं, असं त्याच्या डोक्यानं घेतलं.

आणि द्यायचं तर गाजावाजा न करता. या हाताचं त्या हाताला कळू नये, असं लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून त्यानं पाळकसाहेबांना सांगितलं नाही, ट्रस्टला कळवलं नाही, मास्तरांनाही नाही. एका बुधवारी सरळ चावडीत गेला आणि कागद लिहिला की, 'सदर जमीन मी मालकाच्या वतीने कसतो, माझा तीवर कोणताही हक्क नाही, मागील अर्ज मी राजीखुशीने मागे घेत आहे.'

हौशीरामनं कागद दोनदा वाचला. "डोकं ठिकाणावर हाय का?"

"हाय."

"अर्ज दोघांचा हाय. मागं घ्यायचा तर ताईचीबी संमती लागंल."

"ती माहेरी हाय."

"मग आल्यावर या की. घाई काय?"

घाई होती. दयाबाई आली असती तर हा कागद झालाच नसता, हे विल्यमला समजत होतं. तो म्हणाला, "तिची हाय संमती. मी लिवतो." आणि त्यानं खाली लिहिलं, 'माझी पत्नी दयाबाई हिचीही यास संमती आहे.' पण नुसतं लिहून भागेना. पुढं सही पाहिजे. दयाबाईची सही करणं त्याच्या बापजन्मात जमलं नसतं. हौशीराम वैतागून म्हणाला, "मी जरा पाणी पिऊन येतो," आणि शाईची डबी उघडी ठेवून बाहेर गेला. विल्यमनं आपला डावा अंगठा शाईत बुडवला.

चावडीपुढच्या हापशावर त्यानं हात खसखसून धुतला. नखाच्या कडेची निळी रेघ चार दिवस राहिली. पण घरी जाताना त्याला हलकं वाटत होतं, ते आठ-दहा दिवस टिकलं. पाठ सरळ ठेवून तो चर्चला गेला. मास्तरांच्या शेजारी बसला. आपण काय दिलंय ते यांना ठाऊक नाही, या विचारानं त्याला गुदगुल्या व्हायच्या. त्याला नम्रपणा म्हणतात असं त्याला तेव्हा वाटत होतं.

मग दयाबाई दीड महिन्याची जस्मिन घेऊन एसटीतून उतरली. पोरीला त्याच्या हातात देण्याआधी तिनं विचारलं, "अर्जाचं काय झालं?"

इथं त्यानं खरं सांगायला हवं होतं. भांडली असती, माहेरची एसटी परत पकडली असती, पण कागद ताजा होता, हौशीराम होता, सगळं मागं फिरवता आलं असतं. विल्यम म्हणाला, "सरकार न्हाई म्हणलं. मिशनच्या जमिनीला कूळ लागत न्हाई म्हणं."

दयाबाईनं पोरीचं टोपडं सारखं केलं. "सरकारच ते," ती म्हणाली, आणि चालायला लागली.

त्यानंतर बत्तीस वर्षं ती सरकारला बोल लावत राहिली. पाऊस लांबला तरी सरकार, रॉकेल महागलं तरी सरकार. विल्यम खाली मान घालून ऐकायचा. हौशीराम बदलून गेला आणि पुढं वारला. मास्तर वारले. जस्मिन नर्स झाली, लग्न होऊन दौंडला गेली. थोरला रॉनी रांजणगावच्या एका कंपनीत कंत्राटावर लागला. दर हंगामाला बाजरीचं पोतं चर्चमध्ये जातच राहिलं, आणि दरवर्षी सांगायचं राहून गेलं. पहिल्या वर्षी भीती वाटली. दहाव्या वर्षी वाटलं, आता कशाला उकरायचं? विसाव्या वर्षी त्याला स्वतःलाच कधीकधी वाटायचं की सरकार खरंच नाही म्हणालं असेल.

आणि आता हे दोन हजार आले होते.

रॉनीच्या कंपनीनं मार्चमध्येच कंत्राटी पोरांना घरी बसवलं होतं. झेंडू गेला. रॉनीची बायको आणि पोरगं धरून घरात पाच माणसं आणि मिळकत नावाची गोष्ट नाही. रेशनचे तांदूळ होते म्हणून चूल पेटत होती. बापूसाहेब भला माणूस, एका संध्याकाळी गव्हाचं अर्धं पोतं घेऊन आले आणि बाजेवर टेकून म्हणाले, "आमच्या धाकट्याला खुरपं कुठनं धरत्यात ते ठावं न्हाई. फ्लॅटात बसून त्यो शेतकरी. आन् तुम्ही हितं मातीत, तर तुमचं यादीत नाव न्हाई. ही कसली रीत म्हणायची?"

"रीत न्हाई, सरकार हाय," दयाबाई म्हणाली. पण या खेपेला ती तेवढ्यावर थांबली नाही. जूनमध्ये ऑफिसं उघडल्यावर तिनं पिशवीत चष्मा टाकला, तोंडाला पदर बांधला आणि तलाठी ऑफिस गाठलं.

तिथं सविता नावाची नवीन तलाठी आली होती. दौंड तालुक्यातल्या वरवंडची, तिशीच्या आतली, शांत पोरगी. तिनं संगणकावर सातबारा काढून दाखवला. "मावशी, मालक म्हणून ट्रस्टचं नाव आहे. हे पैसे जमीन नावावर असणाऱ्यांचे. इतर हक्कातही तुमचं काही नाही. माझे हात बांधलेले आहेत."

"आम्ही अठ्ठ्याऐंशी साली अर्ज दिलावता. कूळ म्हणून. माझ्या हातानं लिवलाय. त्याचं काय झालं ते बघा."

सवितानं मान वर केली. "अर्ज दिला होता? मग निकाल काय लागला ते कुठंतरी असणार. निकाल चुकीचा असेल तर दाद मागता येते. आज लगेच यादीत येणार नाही तुम्ही, पण मांडायला जागा तरी होईल. जुनं दप्तर तहसीलला आहे. जरा वेळ लागेल."

दयाबाई घरी आली ती वीस वर्षांनी लहान होऊन. चपला काढायच्या आधी सांगायला लागली. "ती पोरगी बघणार हाय म्हणली. सरकारची चूक निघाली तर आपल्याला मांडता येतं. अवो, आपलं नाव लागंल. दोन हजाराचं सोडा, ते आज हायती उद्या न्हाईत. पण नाव लागंल." विल्यमच्या तोंडात भाकरीचा घास होता. तो त्यानं कितीतरी वेळ चावला.

सांगायला त्याला पाच महिने मिळाले. असा वेळ देव सगळ्यांना देत नाही. एकदा कांद्याच्या रोपाला पाणी देताना तो "दया" असं म्हणालाही. ती वाकली होती, सरळ होऊन म्हणाली, "काय?" तो म्हणाला, "दारं मोडायचं का आता?" तिनं दारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडलं. दुसऱ्यांदा एका रविवारी. चर्च बंद होतं, उपासना रॉनीच्या मोबाईलवर यायची. मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून सगळे ओळीनं बसायचे. त्या रविवारी रेंज गेली आणि पाळकसाहेब तोंड उघडं ठेवून थिजले. पोरगं हसायला लागलं, रॉनी मोबाईल घेऊन बाहेर धावला, त्याच्यामागं त्याची बायको आणि पोरगंही, आणि खोलीत नवरा-बायको दोघंच राहिली. विल्यमनं घसा खाकरला. तेवढ्यात दारातून रॉनी ओरडला, "आलं, आलं," आणि पाळकसाहेब पुन्हा बोलायला लागले.

ऑगस्टमध्ये बापूसाहेबांच्या ओट्यावर परत टिंगटिंग झालं. दयाबाईनं या वेळी विचारलंही नाही की आपलं का नाही. ती सविताची वाट बघत होती.

सविता नोव्हेंबरात आली. त्या वर्षीचा हंगामाचा सण नुकताच झाला होता. लिलाव नव्हता, लोकांनी दाराशीच धान्य ठेवून हात जोडले होते. सोमवारी दुपारी स्कूटी चिंचेखाली लागली. सविता मास्क लावून, हातात प्लास्टिकची फाईल घेऊन आली, आणि तिची चाल बघूनच विल्यमला कळलं. बोलायचं कसं, याचा विचार करत येणारं माणूस असंच येतं.

दयाबाईनं तिला बाजेवर बसवलं. पाणी दिलं. "सापडलं?"

"सापडलं." सवितानं विल्यमकडे पाहिलं. "मामा, तुम्ही सांगता की मी देऊ?"

ही त्याला मिळालेली शेवटची संधी होती. एका परक्या पोरीनं ती त्याच्यापुढं धरली होती. विल्यमनं ओठ हलवले. पण बत्तीस वर्षं न बोललेलं असं एका दुपारी येत नाही. तो जमिनीकडे बघत राहिला. सवितानं दोन झेरॉक्स दयाबाईच्या हातात दिल्या.

दयाबाईनं चष्मा लावला. वरचा कागद तिचाच होता. तिला एवढा आनंद झाला की तिनं सविताच्या गुडघ्यावर थाप मारली. "बघ, हीच माझी सही. बघ कशी हाय." मग तिनं दुसरा कागद घेतला. विल्यमचं अक्षर ओळखायला तिला वेळ लागला नाही. किराणा मालाची यादी तो तसंच लिहायचा. ती वाचत गेली. वाचताना तिचे ओठ हलत होते, शाळेतल्यासारखे. 'राजीखुशीने'पाशी थांबली. परत पहिल्यापासून वाचलं. मग खाली आली.

बांधावरून बापूसाहेबांच्या पंपाचा आवाज येत होता.

"हा अंगठा कुणाचा?" दयाबाईनं विचारलं.

विल्यमनं डावा हात पाठीमागं नेला. तेवढ्यानं झालं.

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती ओरडेल, असं त्याला वाटत होतं. ओरडली असती तर त्यानं तिचे पाय धरले असते. बत्तीस वर्षं तो त्याचीच तयारी करत होता. रुबेन मास्तर काय बोलले, आपल्याला किती लागलं, आपण देवाला द्यायला म्हणून हे केलं, सगळं तो सांगणार होता. पण दयाबाईनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती सविताला म्हणाली, "पेन दे गं."

सवितानं पेन दिलं. दयाबाईनं फाईल मांडीवर आडवी घेतली, झेरॉक्स तिच्यावर पसरली आणि त्या काळ्या ठशाच्या शेजारी, होती तेवढ्या जागेत, सावकाश लिहिलं. दयाबाई विल्यम साळवे. शेवटची मात्रासुद्धा तिनं पूर्ण केली.

"हे दप्तराला लाव."

"मावशी," सविता हळूच म्हणाली, "आता याचा उपयोग नाही. बैल गेला आणि झोपा केला, तसं झालं हे. आणि ही सही केली म्हणजे तुम्हीही हक्क सोडला असा अर्थ होतो."

"होऊ दे. माझा अंगठा हाय तिथं. कुणी बघितलं तर म्हणंल, ह्या बाईला सही येत नव्हती."

सविता कागद घेऊन गेली. लावला की नाही, कोण जाणे. स्कूटीचा आवाज रस्त्याला लागेपर्यंत दयाबाई तशीच बसून होती. मग उठली, सविताचं पाण्याचं भांडं उचललं, आणि आत जाता जाता, विल्यमकडे न बघताच म्हणाली, "मला इचारलं असतं, तर मी सही दिली असती."

एवढंच. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. रॉनीला सांगितलं नाही, जस्मिनला सांगितलं नाही. सांजच्याला भाकरी केल्या, विल्यमच्या ताटात नेहमीसारख्या दोन वाढल्या. सरकारला बोल लावणं मात्र तिनं त्या दिवसापासून सोडलं. घर एकदम शांत झालं. विल्यमला ती शांतता सहन होईना. तो आपण होऊन सरकारवर चिडून बघायचा, पण तिच्याकडून हुंकारही यायचा नाही.

आता त्याला तीन-चार वर्षं झाली. रॉनी परत कामाला लागला आहे. रान आहे तिथंच आहे, सातबाराही होता तसाच आहे, आणि दर चार महिन्यांनी बांधापलीकडे टिंगटिंग होतं. बापूसाहेब आता हाक मारत नाहीत, त्यांनाही कुठंतरी कळल्यासारखं आहे. विल्यमनं मनीऑर्डर बंद केली नाही. फक्त फॉर्म आता दयाबाईपुढं आणून ठेवतो. घरात कसलाही कागद आला, रेशनचा, लसीचा, गॅसचा, की तो तिच्यासमोर ठेवतो, वर चष्मा ठेवतो, पेन ठेवतो, आणि चिंचेखाली जाऊन बसतो. ती वाचते, पटलं तर सही करते, नाही पटलं तर तसाच ठेवते.

त्या चिंचेखाली बसून तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा उलगडत असतो. ती म्हणाली ते खरं होतं का? तिनं खरोखर सही दिली असती? दिली असती, तर त्यानं ते उगीचच चोरून केलं; दोघांचं दान झालं असतं, हंगामाच्या सणाला दोघं ताठ मानेनं बसली असती. आणि दिली नसती, त्याला जन्मभर टोचावं म्हणून ती तसं म्हणाली असेल, तर तेही त्याच्या वाट्याचंच होतं. उत्तर आत चुलीपाशी बसलेलं असतं, दहा पावलांवर.

पण तेसुद्धा त्यानं तिला अजून विचारलेलं नाही.